परतीचं तिकीट मंगळवारचं काढा

ऑफिसच्या कामासाठी पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन सूचना हमखास मिळतात. पहिली एचआरकडून, मेलवर: काम शुक्रवारी संपतंय, तर शुक्रवारी रात्रीचंच विमान. मध्ये फिरणं-बिरणं नको, व्हिसाचा प्रश्न येतो. दुसरी एखाद्या अनुभवी सहकाऱ्याकडून, टपरीवर चहा पिताना, आवाज जरा खाली आणून: इमिग्रेशनवाल्यानं काही विचारलंच तर ‘मीटिंग’ एवढंच सांग. ‘वर्क’ हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नकोस.

या दोन सूचना शेजारीशेजारी ठेवून बघा. मीटिंग झाल्यावर दोन दिवस शहर बघणं व्हिसात बसतं, त्याला मनाई. क्लायंटच्या ऑफिसात बसून तीन आठवडे त्याचं काम उरकून देणं अनेकदा व्हिसात बसत नाही, पण ते कसं झाकायचं याचं प्रशिक्षण मात्र फुकट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी गेली अकरा वर्षं गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात काढली आहेत. आधी हिंजवडी, मग चाकण, मग पुन्हा हिंजवडी. कामासाठी चारदा जर्मनीला आणि दोनदा अमेरिकेला जाऊन आले. या काळात संग्रहालय बघितलं म्हणून व्हिसा गेलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. ‘मीटिंगला आलोय’ असं सांगून कोड लिहायला बसलेल्यांची मात्र मोजदाद करता येणार नाही. तरीही भीती घातली जाते ती फिरण्याची. ही भीती खोटी आहे, ती कुणाच्या तरी सोयीची आहे, आणि ती आपण मुकाट्याने पाळतो हे मला अजिबात मान्य नाही. कामाच्या प्रवासाला जोडून चार दिवस स्वतःसाठी मागणं यात चोरटं काही नाही. ते उघडपणे, लेखी आणि ताठ मानेने मागायला हवेत.

नियम काय सांगतो

आधी अमेरिका, कारण सगळ्यात जास्त अफवा तिच्याबद्दलच्या. तिथे जाणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन वर्ग आहेत. बी-१ म्हणजे व्यावसायिक भेट आणि बी-२ म्हणजे पर्यटन. भारतीयांच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा दोन्ही एकत्र छापलेले असतात: बी-१/बी-२, बऱ्याचदा दहा वर्षांसाठी. म्हणजे चर्चा, वाटाघाटी, परिषद यांसाठी जाणं आणि फिरायला जाणं या दोन्हींना परवानगी असलेला कागद तुमच्या खिशात आधीपासून आहे. एचआरनं तो नीट वाचलेला नाही, इतकंच.

मात्र व्हिसा म्हणजे दार ठोठावण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. ही नोंद ऑनलाइन बघता येते. व्हिसा २०३१ पर्यंतचा असला तरी आय-९४ वर पुढच्या महिन्याची तारीख असेल, तर पुढच्या महिन्यात निघायचं. म्हणून काउंटरवर खरं सांगायचं: एवढे दिवस परिषद, त्यानंतर एवढे दिवस फिरणार, हे परतीचं तिकीट. अधिकाऱ्याला तुमचा खरा कार्यक्रम माहीत असेल, तर तो त्याप्रमाणे नोंद करू शकतो. तुम्ही फिरणं गिळून टाकलंत, तर त्याने काय करावं?

युरोपातल्या शेंगेन देशांचा मामला याहून सोपा आहे. तिथे थोड्या दिवसांच्या भेटीचा व्हिसा एकच, ‘सी’ प्रकारचा. कामासाठी वेगळं स्टिकर आणि पर्यटनासाठी वेगळं स्टिकर अशी भानगडच नाही. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, ही वरची मर्यादा. अर्जातला प्रवासाच्या हेतूचा रकाना अनेकवचनी आहे. ‘व्यवसाय’ आणि ‘पर्यटन’ या दोन्ही चौकटींवर खूण करता येते, आणि आणखी काही सांगायचं असेल तर त्यासाठी खाली स्वतंत्र जागा ठेवलेली आहे. हा अर्ज करणाऱ्यांना ठाऊक होतं की माणूस एका प्रवासात दोन गोष्टी करू शकतो.

शेंगेनमध्ये पाय अडकतो तो दिवसांच्या आकड्यात. स्टिकरवर कुठपासून कुठपर्यंत आणि एकूण किती दिवस हे छापलेलं असतं, आणि वकिलाती अनेकदा तुम्ही मागितलेत त्याच्या जवळपासच दिवस देतात. तिथे गेल्यावर मुदत वाढवून मागायची, तर युरोपच्या व्हिसा संहितेत त्याची कारणंही ठरलेली आहेत: तुमच्या हाताबाहेरची अडचण, मानवतेचं कारण किंवा गंभीर वैयक्तिक कारण. ‘हवा छान आहे, अजून दोन दिवस राहतो’ हे त्यात नाही. म्हणून जे काही मागायचं ते पुण्यात असताना, अर्ज भरतानाच मागायचं. आणि नेमकं याच वेळी एचआर तुम्हाला गप्प बसायला सांगत असतं.

ब्रिटननं तर वादच ठेवलेला नाही. तिथला नेहमीचा व्हिजिटर व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. नियमात बसणारी व्यावसायिक कामं आणि फिरणं, दोन्ही त्या एकाच व्हिसावर.

तर ‘व्हिसाचा प्रश्न येतो’ हे वाक्य पुन्हा ऐकाल, तेव्हा शांतपणे विचारा: कोणत्या देशाच्या, कोणत्या व्हिसाचा, कोणता नियम? उत्तर येत नाही. मी विचारून बघितलेलं आहे.

खरी मनाई कशाला आहे

बी-१ वर काय चालत नाही? तिथल्या कंपनीत नोकरी केल्यासारखं काम करणं चालत नाही. एच-१बी सारखे व्हिसा त्यासाठीच आहेत. ते महाग आहेत, त्यांची संख्या मर्यादित आहे आणि त्यात वेळ जातो. मग मधला रस्ता निघतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारला ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन एक प्रकरण मिटवलं. बी-१ वर आणलेल्या माणसांकडून एच-१बी ची कामं करून घेतली जातात आणि त्यांच्या पत्रांत मात्र मीटिंग, चर्चा असे हेतू लिहिले जातात, असा सरकारचा आरोप होता. कामाचा वास येईल असे शब्द वापरू नका, अशा सूचना माणसांना दिल्या गेल्या होत्या, असंही सरकारचं म्हणणं होतं. कंपनीने व्हिसात फसवणूक केल्याचा आरोप नाकारला आणि कर्मचाऱ्यांचे कागद ठेवण्यातल्या त्रुटी तेवढ्या कबूल केल्या. खरं-खोटं त्या दोघांनी आपापसात मिटवलं. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की अमेरिकी सरकारने कंपनीच्या मागे लागण्याचं कारण ‘मीटिंग’च्या नावाखाली केलेलं काम हे होतं. शिकागोतलं तळं बघितलेला इंजिनिअर त्या कागदांत कुठेच नव्हता.

कंपनीचा दंड पैशात मोजला जातो. माणसाचा तसा मोजता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात व्हिसा किंवा प्रवेश मिळवण्यासाठी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली, तर कायमची प्रवेशबंदी आहे. त्यातून सूट मागता येते, पण ती मागत बसायची तुम्ही. ‘मीटिंग एवढंच म्हण’ असं सांगणारा मॅनेजर तेव्हा काउंटरवर तुमच्या शेजारी उभा नसतो. पासपोर्ट तुमचा, बोटांचे ठसे तुमचे, सही तुमची. मेलवर तर ही सूचना कधी येतच नाही. ती टपरीवरच येते, हे लक्षात आलंय का तुमच्या?

आपण इतके घाबरतो का

ही भीती आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं कलम आहे. त्याचा मथितार्थ असा, की पाहुणा म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचं राहायलाच निघालाय असं आधी गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं ते त्या माणसाने, काचेपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर, दोन-तीन मिनिटांत. १८५ डॉलर भरून. नाकारलं तर पैसे परत नाहीत. कोविडनंतर, २०२२ च्या अखेरीस, मुंबईत पहिल्यांदा व्हिसा मागणाऱ्याला या दोन-तीन मिनिटांसाठी दोन वर्षांच्या पुढची तारीख मिळत होती.

स्टुटगार्टमधल्या माझ्या सहकाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. जर्मन पासपोर्टवर तो घरबसल्या ऑनलाइन परवानगी काढतो आणि अमेरिकेत ९० दिवसांपर्यंत जातो. काम असो वा फिरणं, परवानगी तीच. ‘मीटिंगनंतर आठवडाभर गाडी भाड्याने घेऊन हिंडलो’ हे तो जेवताना सहज सांगतो. आपण तेच केलं तर घशाशी येतं.

ज्याला वर्षानुवर्षं संशयित म्हणून उभं केलं, तो कमी बोलायला शिकतो. कमी बोलणं म्हणजे सुरक्षित राहणं, असं त्याच्या डोक्यात बसतं. कंपन्यांना ही सवय आयतीच मिळाली. जगाने दिलेल्या भीतीवर त्यांनी स्वतःची सोय रचली: माणूस पाठवा, राबवून घ्या, परत आणा. मधला दिवस त्याचा नको. कारण मधला दिवस म्हणजे एक जास्तीचा मेल, एक जास्तीची सही, आणि कुणीतरी विचार करण्याची तसदी.

माझं प्रकरण

तीन वर्षांपूर्वी स्टुटगार्टला माझं आठ दिवसांचं काम होतं. निघायच्या पाच आठवडे आधी मी मेल टाकला: काम शुक्रवारी संपतंय, शनिवार-रविवारला जोडून सोमवार-मंगळवारची रजा हवी. रजा माझ्या खात्यातली. चार दिवसांचं हॉटेल माझं. तारखेमुळे तिकीट महागलं तर फरक माझा.

उत्तर आलं, धोरणात बसत नाही. मी म्हटलं, धोरण पाठवा. दोन दिवसांनी उत्तर बदललं: व्हिसाच्या दृष्टीने योग्य नाही. मी म्हटलं, नियम सांगा. मग मेल थांबले आणि मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. तिथे तिसरं कारण निघालं. “एकटी कशाला थांबतेस? उद्या काही झालं तर कोण जबाबदार?”

त्याच तिमाहीत आमच्याच इमारतीतले एक वरिष्ठ म्युनिकचं काम आटोपून बायकोबरोबर आठवडाभर स्वित्झर्लंडला गेले होते. त्यांची तिकिटं, विम्याची वाढीव मुदत, सगळं ऑफिसच्या प्रवास विभागानेच जुळवून दिलं. त्यांच्या बाबतीत व्हिसाचा प्रश्न आला नाही. जबाबदार कोण, हाही आला नाही. मला त्यांचा राग नाही. त्यांनी केलं ते बरोबरच केलं. पण नियम खुर्ची बघून बदलत असेल, तर त्याला नियम म्हणू नका, मर्जी म्हणा.

मी शेवटी कंपनीच्याच व्हिसा एजंटाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, दोन्हीवर टिक करता येतं. ऑफिसचं रजेचं पत्र आणि जादा दिवसांचं हॉटेल बुकिंग जोडा, बस.” ते वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये लिहून मी मॅनेजर आणि एचआर दोघांना पाठवलं. उत्तरात एकच शब्द आला: नोटेड.

मी राहिले. त्या चारपैकी एका दिवशी उल्मला गेले, स्टुटगार्टहून रेल्वेने तासाभरावर. तिथल्या चर्चचा पाया १३७७ मध्ये घातला आणि शिखर पूर्ण झालं १८९० मध्ये. मध्ये कित्येक पिढ्या काम ठप्पच होतं. ७६८ पायऱ्या चढून मी वर गेले. दर दोन आठवड्यांनी क्लायंटला काहीतरी चालतं करून दाखवायचं, या चक्रात मी दशकभर होते. पाचशे वर्षं चाललेलं आणि अर्धवट सोडून पुन्हा हातात घेतलेलं काम पायांखाली होतं. याने माझं आयुष्य बदललं वगैरे काही नाही. पण आधीच्या तीन खेपांत मी जर्मनी म्हणून काय बघितलं होतं? हॉटेल, लोकल ट्रेन, क्लायंटचं कँटीन आणि विमानतळावरचं चॉकलेटचं दुकान. आत्या विचारायची, “कशी आहे गं जर्मनी?” मी सांगायचे, “स्वच्छ आहे.”

हे आपलं जुनंच आहे

‘कामाला गेलात तर काम करा, हिंडणं आपल्या संस्कारात नाही’ असं ऐकवणारे वडीलधारे भेटतात. त्यांना मराठी प्रवासवर्णनाची सुरुवात आठवून द्यावी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेला निघाले ते दक्षिणा मिळवायला. घरावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी होती. आजच्या भाषेत तो निव्वळ कामाचा दौरा. वाटेत बंडाची धामधूम सापडली, झाशी डोळ्यांदेखत पडली, लुटले गेले. तरीही तीर्थक्षेत्रं करून, गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. १९०७ मध्ये छापलं गेलेलं त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आपण आजही वाचतो ते त्यांना दक्षिणा किती मिळाली हे कळावं म्हणून नव्हे.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, फिलाडेल्फियाला. समारंभ झाला. रमाबाई अडीच वर्षांहून जास्त काळ तिथे राहिल्या, देशभर हिंडल्या, शाळा आणि संस्था पाहिल्या, व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या लोकस्थितीवरचं त्यांचं पुस्तक मराठीत आलं. आजचा अधिकारी विचारेल, समारंभ तर मार्चमध्येच संपला, मग तुम्ही का थांबलात? आणि आजचा एचआर मेल टाकेल: कृपया पहिल्या उपलब्ध बोटीने परत या.

तेव्हा व्हिसा नव्हता, हे मला माहीत आहे. रमाबाईंसारखं अडीच वर्षं राहा असं मी सांगत नाही. मुद्दा एवढाच, की कामाच्या निमित्ताने घराबाहेर पडावं आणि पडलोच आहोत तर डोळे उघडे ठेवावेत, ही आपल्याकडच्या साध्या, बेताच्या पैशांच्या माणसांची जग बघायची रीत आहे. मौज म्हणून जग बघायला निघणं ज्यांना परवडत होतं, ते वेगळे.

आजही तसंच आहे. आमच्या घरात पासपोर्ट काढणारी मी पहिली. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. स्वतःच्या पैशाने युरोपला जायचं म्हटलं तर हिशेब असा: जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, ती नकार आला तरी बुडीत. किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय विमाकवच. बँकेचे स्टेटमेंट, आयकर रिटर्न, हॉटेलची बुकिंगं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे विमानाचं तिकीट. ज्याच्या डोक्यावर वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आहे, तो ही यादी बघून लोणावळ्याला जातो. कंपनीने काढलेलं परतीचं तिकीट त्याच्यासाठी एकमेव दार आहे. ते चार दिवस जास्त उघडं ठेवायला कंपनीला एक रुपयाही लागत नाही.

बायकांच्या बाबतीत तर हे दार आणखी अरुंद. ‘ऑफिसचं काम आहे’ हे एकटीने परदेशी जाण्याचं घरात चालणारं एकच कारण. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या सासरी तिच्या परतीच्या विमानाची वेळ फ्रीजवर चिकटवलेली असते. ती म्हणते, एखादं संग्रहालय बघायचंय असं सांगायची सोय नाही, म्हणून मी ‘मीटिंग एक दिवस लांबली’ असं सांगते. घरात ऑफिसचं नाव आणि ऑफिसात घरचं नाव पुढे करून एका बाईने स्वतःचा एक दिवस पळवायचा. ही वेळ तिच्यावर आणली कुणी?

पण जबाबदारीचं काय?

समोरच्यांचे काही मुद्दे खरे आहेत, ते झटकून चालणार नाहीत. सुट्टीच्या दिवसांत आजारी पडलात, अपघात झाला, तर कंपनीचा विमा बहुधा लागू नसतो. बरोबर. त्यावर उपाय म्हणजे तेवढ्या दिवसांचा विमा स्वतः घ्यायचा किंवा कंपनीचा विमा स्वतःच्या खर्चाने वाढवून घ्यायचा. बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे.

काही जण मुदत संपल्यावरही राहतात आणि मागच्यांचा रस्ता खराब करतात. हेही खरं. अमेरिकेत आय-९४ ची तारीख एका दिवसाने जरी उलटली, तरी त्या प्रवासाचा व्हिसा रद्दबातल होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं. हे नियम पाळायचेच, त्यात मखलाशी नको. पण मुदतीत राहून, सांगून, तिकीट दाखवून फिरणारा माणूस आणि मुदत उलटून दडून बसणारा माणूस यांना एका माळेत ओवणं हा शुद्ध आळस आहे.

आणि ‘कंपनीच्या पैशाने मजा’ हा टोमणा. कंपनीचे पैसे कामासाठी होते, काम झालं. रविवारची रात्र विमानात आणि सोमवारी सकाळी नऊला डेस्कवर, जेट लॅगसकट, हे तुम्ही कंपनीला किती वेळा फुकट दिलंय ते मोजा. मग मजा कोण कुणाच्या पैशाने करतंय ते ठरवू.

काय करायचं

तारीख नक्की होताच मेल टाका, व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी. कामाचे दिवस कोणते आणि स्वतःचे कोणते हे स्पष्ट लिहा. खर्चाची विभागणी तुम्हीच मांडा. शेंगेन असेल तर दोन्ही हेतूंवर खूण करा. निमंत्रणपत्रावर फक्त कामाच्या तारखा असतील, म्हणून त्याला रजेचं पत्र, पुढचं हॉटेल आणि विमा जोडा, आणि एकूण दिवस सगळे मिळून मागा. काम एका देशात आणि भटकंती दुसऱ्या देशात जास्त दिवस असेल, तर अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे आधी तपासा. मुख्य हेतू किंवा जास्त मुक्काम ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज, हा नियम आहे.

काउंटरवर विचारलं तर खरं सांगा, छोट्या वाक्यांत. अमेरिकेत उतरलात तर त्याच रात्री आय-९४ वरची तारीख बघा. फिरायच्या दिवसांत लॅपटॉप उघडू नका, ‘फक्त एक छोटा कॉल’ घेऊ नका. रजा तुमच्या खात्यातून गेलेली आहे.

कुणी टपरीवर ‘मीटिंग एवढंच म्हण’ असं सांगितलं, तर त्याच संध्याकाळी मेल करा: आपण आज म्हणालात त्याप्रमाणे मी इमिग्रेशनला असं सांगायचं आहे का, कृपया कळवावं. बहुतेक वेळा तुम्ही कामाला योग्य असा व्हिसा काढण्याची चर्चा दुसऱ्या दिवशी सुरू होते.

कंपन्यांकडे माझी मागणी एका पानाची आहे. कामाला जोडून किती दिवस राहता येईल, खर्च कुणाचा, विमा कुणाचा, पत्र कोण देणार, हे लिहून काढा आणि ट्रेनीपासून संचालकापर्यंत सगळ्यांना तेच पान लावा. कामात सुट्टी मिसळण्याला कॉर्पोरेट जगाने ‘ब्लीझर’ असा गोंडस शब्दही काढलाय. शब्द काढायला वेळ मिळतो, तर एक पान लिहायलाही मिळेल.

आणि ते पान येईपर्यंत तुम्ही थांबू नका. पुढच्या खेपेला मेल लिहाल तेव्हा विषयाच्या ओळीत ‘विनम्र विनंती’ लिहू नका. तारखा लिहा.